ट्रेवरची बाई

"आत्या, जरा उजवीकडे बघा पाहू. हां... आता हनुवटी थोडी वर."

भाऊसाहेब चक्क स्वयंपाकघरात उभे होते. हेगिष्ट्यांची धाकटी सून होऊन मला तीन वर्षं झाली होती, पण थोरल्या दिरांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. एरवी पाणी हवं असलं की दिवाणखान्यातून हाक यायची, "कोण आहे तिकडे?" आत कोण असतं हे त्यांना खरोखरच ठाऊक नसावं.

आत्या पाटावर बसून केळफूल निवडत होत्या. माझ्या सासऱ्यांची ही बहीण. नाव शेवंती, वय चौसष्ट, अंगावर विटकं सुती पातळ, बोटं तेलाने माखलेली. त्यांच्या कानाजवळ एक गोरेपान पारशी गृहस्थ गुडघ्यांवर टेकले होते आणि एक गोल, रंगीत, पत्र्याचा ट्रे त्यांच्या गालाला लावून धरत होते. एकदा ट्रेकडे बघायचे, एकदा आत्यांकडे.

"साहेब, हे तर सेम टू सेम आहे!" ते म्हणाले. "नाक बघा. ही भिवई बघा. बाय गॉड!"

ट्रेवर एक तरुण बाई होती. पिवळेधमक केस, निळा फ्रॉक, हातात फेसाळलेला पेला. खाली बाकदार अक्षरांत 'गोल्डन क्वीन'. केस आणि फ्रॉक कुठल्यातरी विलायती चित्रातून उचलले असावेत. पण चेहरा मात्र माझ्यासमोर पाटावर बसला होता.

आत्यांनी हनुवटी वर केली नाही. "हे काळं पडेल," म्हणाल्या, आणि फुलातला दांडा ओढून काढून फूल ताकाच्या पाण्यात टाकलं.

"पडू दे हो!" भाऊसाहेब म्हणाले. "आपण काय कामं करत बसलात?" मग बायकोकडे वळले, "प्रमिला, अगं आत्यांना खुर्ची दे!"

आपण! कालपर्यंत 'ए आत्या, इस्त्री झाली का?' होतं.

हेगिष्टे ब्रूअरी देवळालीच्या पलीकडे, दारणेच्या काठाला होती. आजेसासरे कोकणातून आले. त्यांचे वडील माडावर चढायचे, ताडी उतरवायचे, उरलेल्या ताडीचं व्हिनेगर करून गोऱ्यांच्या खानसाम्यांना विकायचे. सरळ, कष्टाचं काम. मला तर हे ऐकून त्यांचा अभिमानच वाटला होता. पण घरात हा विषय निघाला की दारंखिडक्या बंद व्हायच्या. आजेसासऱ्यांनी छावणीत बिअरचा ठेका मिळवला, मग कारखाना उभारला, बंगला बांधला, नावामागे 'नानासाहेब' लावून घेतलं. आणि बंगल्याचा पहिला धडा असा ठरला की बिअर म्हणजे दारू नव्हे. हा धडा या घरात तान्ह्या मुलालाही पाठ असायचा. गावात कोणी 'दारूवाले हेगिष्टे' म्हटलं की हे लोक असे उसळायचे, जणू कारखान्यात उदबत्त्या वळत होत्या.

आणखी एक दंडक होता. घरातल्या बाईने बिअरला तोंड लावायचं नाही. तिच्यावर बंगला उभा, तिच्यावर बायकांच्या पाटल्या, पण थेंब ओठाला लागला तर कुळाला बट्टा.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, कारखान्याला साठ वर्षं होत होती. भाऊसाहेबांनी हीरकमहोत्सवाचा घाट घातला. खरी मेख निराळीच होती. बंगलोरची एक बडी कंपनी कारखाना विकत घ्यायला निघाली होती. तिला आमच्या गंजलेल्या टाक्यांत रस नव्हता, नाव हवं होतं आणि नावाला चिकटलेला इतिहास. तेव्हा भाऊसाहेब इतिहास तयार करायला बसले. स्मरणिकेसाठी नाशिकचे एक निवृत्त प्राध्यापक धरले. दोघांनी मिळून माडावर चढणाऱ्या त्या बापड्या पणजोबांना आरमारात सुभेदार करून टाकलं. दारूबंदीच्या काळात कारखाना बंद होता, ते झालं 'गांधीविचारांना दिलेला प्रतिसाद'. प्राध्यापकमहाशय दर पानामागे एक बाटली रिचवत होते, त्यामुळे इतिहास झपाट्याने पुढे सरकत होता.

आणि ट्रे! लढाईच्या काळात नानासाहेबांनी हे ट्रे छापून छावणीतल्या प्रत्येक कॅन्टीनला, स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूमला वाटले होते. गोरे सोल्जर ते बोटीवरून घेऊन गेले. पुढे दारूबंदी आली आणि बंगल्यात उरलेल्या ट्रेंची सगळ्यांना लाज वाटू लागली. घरात मुली लग्नाच्या होत्या. ढीगच्या ढीग भंगारात गेले. काहींवर माझ्या सासूबाईंनी पापड वाळवले, काही कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकले गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या खुराड्यावर गोल्डन क्वीन पाऊस झेलत पडलेली होती.

मग मुंबईचे हे पारशी, कातरक, अवतरले. जुने ट्रे, जुन्या बाटल्या गोळा करण्याचा नाद असलेला माणूस. त्यांनी इंग्रजी पेपरात लेख लिहिला की हिंदुस्थानात छापलेल्या बिअरच्या ट्रेंमध्ये गोल्डन क्वीन सर्वांत दुर्मीळ, विलायतेतले हौशी लोक तिच्यासाठी जीव टाकतात, आणि ही सुंदरी कोण हे कोडं अजून कोणाला सुटलेलं नाही. बंगलोरकरांनी लेख वाचला आणि विचारलं, ही बाई कोण होती? हयात आहे का?

झालं. भाऊसाहेबांना एकाएकी आठवलं की आपल्याला एक आत्या आहे.

त्याच दिवशी खुराड्यावरचा पत्रा उपटून, घासून, खोबरेल लावून दिवाणखान्यात आला. कोंबड्या उघड्यावर पडल्या. आत्यांनाही कोठाराशेजारच्या खोलीतून काढून माडीवरच्या पाहुण्यांच्या खोलीत ठेवण्यात आलं. दोघींचं भाग्य एकाच दिवशी उजळलं.

मी नवऱ्याला विचारलं, "हे काय आहे सगळं? आत्यांचं चित्र ट्रेवर आलं कसं?"

माझा नवरा मधुसूदन. स्वभावाने लोण्याचा गोळा, आणि भावाची सावली पडली की लगेच पाघळणारा. त्याने आधी दार लोटून घेतलं.

"आजोबांनी मुंबईचा पेंटर आणला होता. त्याला समोर बसायला कोणीतरी मुलगी हवी होती. बाहेरची कशाला, म्हणून आत्याला बसवलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. पुढे तिचं रत्नागिरीला एका मास्तरशी ठरत होतं. मुलाचा मामा कॅम्पात मेसवर बटलर होता. त्याने ट्रे ओळखला. सोल्जर जिच्या तोंडावर पेले आपटतात ती मुलगी आम्हाला नको, म्हणाले. लग्न फिसकटलं. आत्याने ते मनाला लावून घेतलं. बाहेर पडायचंच सोडलं तिने."

"स्वतःहून?"

"मग काय तर! लाज वाटत असणार ना."

"आणि आजोबांनी ट्रे परत नाही मागवले?"

त्याने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "धंदा जोरात होता गं तेव्हा."

खरंच आत्या फाटकाबाहेर पडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. लग्नकार्याला नाही, देवाला नाही. एकदा दाढ सुजली तेव्हा नेल्या त्याही पडदे ओढलेल्या मोटारीतून. आम्ही सगळे त्याला 'आत्यांचा स्वभाव' म्हणायचो. दुसऱ्याचं दुःख आपल्या अंगाला चिकटू नये म्हणून माणसं किती सोपा शब्द शोधतात!

कार्यक्रमाची तयारी सुरू झाली. ठरलं असं की आत्यांनी व्यासपीठावर यायचं, हातात तोच ट्रे घ्यायचा, ट्रेवर बिअरचा पेला, आणि चित्रातल्यासारखंच उभं राहून फोटो द्यायचा. प्रमिलावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, पैठणी घेऊन माडीवर आल्या. आजवर त्यांनी आत्यांना आपलं जुनेरच दिलेलं मी पाहिलं होतं, आणि तेही फॉल काढून घेऊन.

"आत्या, रंग आवडला ना? खास तुमच्यासाठी हो."

"छान आहे," आत्या म्हणाल्या.

"आणि जरा हसायचं हं फोटोत. चित्रात कशा हसताय!"

"हसेन की."

मला संताप आला. मला वाटत होतं, आत्या ती पैठणी वहिनींच्या अंगावर फेकतील, निदान तोंड तरी फिरवतील. वहिनी गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, तुम्ही तयार तरी कशा झालात? ज्या ट्रेने तुमचं वाटोळं केलं, तोच हातात घेऊन उभं राहायचं? आणि या लोकांसाठी?"

आत्या पैठणीच्या काठावरून बोट फिरवत होत्या.

"बघू दे ना गो लोकांना," त्या म्हणाल्या. "बघायलाच तर काढलं होतं."

मला त्या वेळी त्यांचीही कीव आली. म्हटलं, एवढी वर्षं दाबून ठेवल्यावर कणा राहणार कुठून? एका पातळावर खूश झाली म्हातारी. मी किती चुकले होते ते मला पुढे कळायचं होतं.

कार्यक्रम कारखान्याच्या मागच्या हिरवळीवर, दुपारी. मांडव, सनई, एक माजी आमदार, नाशिकचे पेपरवाले, बंगलोरचे सुटातले साहेब, आणि आजवर 'दारूवाले' म्हणून आमच्याकडे हळदीकुंकवालाही न येणारे गावातले प्रतिष्ठित. फुकटच्या बिअरपुढे सगळ्यांचं सोवळं खुंटीला. एका टेबलावर कातरकांनी ट्रे मांडून ठेवले होते. हे पहिल्या वर्षीचे, हे कारखान्याच्या चित्राचे, हे वाघाच्या तोंडाचे. आणि मधोमध, मखमलीवर, गोल्डन क्वीन. लोक वाकून वाकून बघत होते. "काय नाक आहे हो!" म्हणत होते. आत्या मागे खुर्चीवर बसून ते सगळं बघत होत्या. पैठणी, अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा. मीच माळला होता. त्या फार सुंदर दिसत होत्या, आणि मला वाटतं, त्यांना ते कळत होतं.

भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले. आरमारी सुभेदार झाले, गांधीविचार झाले, मग त्यांचा आवाज एकदम ओला झाला.

"मित्रहो, या चित्रामागची व्यक्ती आज आपल्यात आहे. माझ्या पूजनीय आत्या! ही कंपनी म्हणजेच आपला संसार, असं मानून त्यांनी आजन्म अविवाहित राहण्याचं व्रत घेतलं. स्थळं चालून येत होती, पण आत्या म्हणाल्या, बाबांचा कारखाना हेच माझं सौभाग्य! या त्यागमूर्तीला मी आज वंदन करतो."

आणि खरोखर वाकले. टाळ्यांचा कडकडाट. प्रमिलावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाच्या टोकाने गवत उकरत होता.

आत्या उठल्या आणि व्यासपीठावर गेल्या. कातरकांनी ट्रे त्यांच्या हातात दिला, एका नोकराने त्यावर फेसाळता पेला ठेवला. फोटोग्राफर पुढे सरसावले. आत्या बरोबर चित्रातल्यासारख्याच उभ्या राहिल्या. खांदा किंचित पुढे, मान तिरकी. पंचेचाळीस वर्षांत एकदाही तशा उभ्या राहिल्या नसतील, पण अंगाला आठवत होतं.

"आजी, एक घोट घ्या ना फोटोला!" पेपरातली एक मुलगी ओरडली.

वहिनी खालून कुजबुजल्या, "नुसता ओठाला लावा हं आत्या. नुसता लावा."

आत्यांनी ट्रे डाव्या हातावर तोलला, उजव्या हाताने पेला उचलला आणि तोंडाला लावला. एक घोट. दुसरा. आमच्या ज्ञातीतली दोन म्हातारी माणसं उठून उभी राहिली. आत्या पीतच होत्या. अर्धा पेला संपवून त्यांनी तो ट्रेवर ठेवला आणि वरच्या ओठाचा फेस पैठणीच्या पदराने पुसला.

"कशी आहे, आजी?"

"कडू," आत्या म्हणाल्या. माईक जवळ होता, शब्द सगळीकडे गेला. लोक हसले. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी भाऊसाहेबांकडे वळून पाहिलं. "ह्या कडू मुतापायी तुझ्या आजोबाने मला कोंडली होय रे, पद्या? आणि व्रत कसलं रे? व्रत करणाऱ्याच्या दाराला बाहेरून कडी असते काय?"

भाऊसाहेबांच्या चेहऱ्याचा रंग उतरत चाललेला मी पाहिला आणि मनात म्हटलं, आता! आता हा माणूस जमिनीत गडप होणार.

बंगलोरचे साहेब त्यांच्याकडे झुकले. त्यांना मराठी येत नव्हतं. बाई काय म्हणाल्या, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

भाऊसाहेबांनी साहेबांकडे मान वळवली. मग त्यांचा चेहरा पुन्हा तुळतुळीत झाला. आयुष्यात मी कुठल्याच माणसाला इतक्या लवकर सावरताना पाहिलेलं नाही. ते इंग्रजीत म्हणाले, "आत्या म्हणताहेत, बिअर आयुष्यासारखी असते. कडू, पण शेवटपर्यंत घ्यावीशी वाटणारी."

"वंडरफुल!" साहेब उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांचं पाहून माजी आमदारांनी वाजवल्या. आमदारांचं पाहून गावाने. ज्यांनी मराठीतून धडधडीत ऐकलं होतं, त्यांनीही वाजवल्या! उठून उभी राहिलेली दोन्ही म्हातारी माणसं खाली बसून टाळ्या पिटू लागली. कोणाला खरं नको होतं. बिअर थंड होती आणि जेवण मागाहून होतं.

आत्यांनी सगळा मांडव एकदा नजरेखालून घातला. मग भाऊसाहेबांपुढे ट्रे धरला.

"धर."

त्यांनी मुकाट्याने धरला. फोटोग्राफरांनी तोही फोटो काढला. उष्ट्या पेल्याचा ट्रे दोन्ही हातांत घेऊन उभे असलेले कंपनीचे मालक. दुसऱ्या दिवशी एका पेपराने तोच छापला. नाव लिहिलं नव्हतं म्हणून बऱ्याच वाचकांना तो वेटर वाटला.

आत्या पायऱ्या उतरल्या आणि फाटकाच्या दिशेने चालू लागल्या. मी नवऱ्याचा दंड धरला. "चला."

"कुठे?"

"आत्या निघाल्यात. चला म्हणते ना!"

त्याने व्यासपीठाकडे पाहिलं. "तू हो पुढे. मी... दादाला सांगून येतो."

मी त्याचा दंड सोडला आणि धावत सुटले. आत्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. पैठणीत, भर उन्हात. एकदा डावीकडे बघत होत्या, एकदा उजवीकडे.

"आत्या!"

"अगो," त्यांनी मला विचारलं, "स्टेशन कुठल्या अंगाला आहे?"

मी हाताने दाखवलं. स्टेशनाच्या गाड्यांच्या शिट्ट्या बंगल्यात रात्रंदिवस ऐकू यायच्या. त्या ऐकत ही बाई म्हातारी झाली होती.

मी टांगा थांबवला आणि नाशिकला माझ्या माहेरी जायचं ठरवलं. माझे वडील एसटीत कंट्रोलर होते, घर दोन खोल्यांचं, पण तिथे कोणी कोणाला कोठारात ठेवत नव्हतं. टांगा निघाला. आत्या रस्त्यावरचं सगळं बघत होत्या. बेकरी, सायकलवाला, शाळा सुटून निघालेल्या पोरी. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "तुम्हाला फार लाज वाटली असेल ना, आत्या, त्या वेळी? ट्रे सगळीकडे गेला तेव्हा?"

"लाज?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमले. "मला कशाची लाज? मला चित्र आवडलं होतं. तो पेंटर समोर बसून माझ्याकडे बघायचा. नीट बघायचा. मान अशी, हात असा. त्या घरात तोवर मला कामं सगळे सांगायचे, बघितलं कोणी नव्हतं. केस पिवळे केलेनीत तेवढे मला नाही आवडले."

"मग?"

"मग तो बटलर आला, ट्रे घेऊन. रत्नागिरीची माणसं अजून मला बघायला यायची होती. त्याने विचारलं, हेगिष्टे, हा तुमच्या मुलीचा चेहरा म्हणतात, खरं काय? नुसतं विचारलं हो. मोडायला नव्हता आला. बाबांनी 'होय' म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर ते नको म्हणाले असते. कदाचित हो सुद्धा म्हणाले असते. पण बाबांना दोन्ही हवं होतं. ट्रे हवेत, अब्रूही हवी. म्हणाले, छे! ही बाजारातली बाई आहे. माझ्या मुलीचा काय संबंध? पुढे ज्ञातीच्या बैठकीत गणपतीवर हात ठेवून तेच म्हणाले."

टांग्याचं चाक खड्ड्यात गेलं. आत्यांनी दांडी धरली.

"मग मला दाखवणार कशी? जो मला बघेल तो ट्रे ओळखेल. शपथ खोटी पडेल. लोकांना म्हणाले, शेवंती आजारी आहे. मग दाराला कडी घातली. बाबा गेले तेव्हा कडी निघाली, पण मला फाटकाबाहेर न्यायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. तुझ्या सासऱ्यालाही नाही. आणि मलाही सवय झाली गो, खोटं कशाला बोलू? ट्रे रंगूनला गेले, क्वेट्याला गेले. विलायतेला गेले म्हणतो तो पारशी. आणि मी ते बंद खोलीतून ऐकत बसले."

मग त्या एकदम म्हणाल्या, "मुद्दामच पूर्ण घोट घेतला. म्हटलं, बापाने मुलगी बळी दिली कशापायी, ते बघू तरी. काहीच नाही गो त्याच्यात. ताकसुद्धा बरं लागतं."

आत्या माझ्या माहेरी राहिल्या. माझ्या आईने एका शब्दाने विचारलं नाही, त्यांच्यासाठी खिडकीजवळची जागा मोकळी केली. आठवड्याने माझा नवरा आला. आत्यांची ट्रंक खांद्यावर घेऊन आला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. दारात उभा राहून म्हणाला, "वैजयंती, मला नाही राहता येत तिथे." मी म्हटलं, ट्रंक ठेव आणि हातपाय धू. पुढे त्याला सातपूरला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली, आम्ही वेगळी जागा घेतली आणि आत्या आमच्याकडे आल्या. भावासमोर तो पुढेही कधी बोलला नाही, पण भावाकडे जाणं त्याने थांबवलं. त्याच्या अंगात बसण्याजोगा तेवढाच पराक्रम होता.

कारखाना विकला गेला. वर्षभरात नाशिक-पुणे रस्त्यावर भलेमोठे फलक लागले. पिवळ्या केसांची बाई, हातात पेला, आणि खाली: 'गोल्डन क्वीन. आयुष्यासारखी.' आत्यांनी आयुष्यात एकदाच थुंकून दाखवलं, आणि या लोकांनी ते गोळा करून बाटलीत भरलं. भाऊसाहेबांना कुठल्याशा व्यापारी संघाने इतिहासजतनाबद्दल मानपत्र दिलं. आरमारी सुभेदारांचा एक अर्धपुतळाही झाला. माडावर चढणारे ते पणजोबा वर कुठे असतील तर तिथून नारळ फेकून मारत असतील.

आत्यांना मात्र बाहेर पडायचं वेड लागलं. सुरुवातीला रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट धरायच्या. मग भाजीबाजार, मग गंगेवर, मग एकट्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायच्या आणि त्याच बसने परत यायच्या. "काय बघता एवढं?" विचारलं की म्हणायच्या, "माणसं."

एका सकाळी बंगलोरच्या कंपनीचा माणूस आमच्या दारात आला. तरुण, गळ्यात कॅमेरा, बरोबर भाऊसाहेबांची चिठ्ठी. पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी शेवंतीताईंचा घरातला एक फोटो हवा होता. साध्या वेशातला, स्वयंपाकघरात वगैरे.

मी आत आले. आत्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या चपला पायांत सरकवत होत्या, हातात पिशवी.

"काय सांगू त्याला?"

"सांग, ती बाई घरात सापडायची नाही," आत्या म्हणाल्या, आणि मागच्या दाराने बाजारात निघून गेल्या.